जहिराबादपर्यंत एक फेरी

तारनाका, हैदराबाद
रविवार, दुपार

प्रिय हर्षा,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून घाबरू नकोस. इथे आम्ही सगळे बरे आहोत. फोन खिशात असताना आक्काला पत्र लिहायची काय हौस आली, असं तुला वाटेल. पण आपलं फोनवरचं बोलणं तुला ठाऊकच आहे. मी विचारते आई कशी आहे, तू म्हणतोस मजेत. तू विचारतोस दाजी कसे आहेत, मी म्हणते मजेत. तेवढ्यात तुझ्या दुकानात कुणीतरी पंपाची जळालेली मोटार घेऊन येतं आणि तू म्हणतोस, ठेवतो आक्का. मजेत-मजेतच्या पुढे आपण जातच नाही. पत्रात तुला मधेच ठेवता येणार नाही. मुद्दाम दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा पंख्याखाली बसून वाच.

बातमी अशी की आम्ही गाडी घेतली. हसू नकोस. दाजी रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आम्ही जुनी छोटी गाडी विकून टाकली होती, आणि आता म्हातारपणी कुठे जायचंय म्हणून निवांत होतो. आता दारात उभी आहे ती उंच, पांढरी, आठ माणसं बसतील अशी डिझेल गाडी, आणि तिचा किलोमीटरचा काटा दोन लाख ऐंशी हजारांच्या पुढे गेलेला आहे. दिलसुखनगरचे हिम्मतराव आठवतात ना, भालकीकडचे, श्रुतीच्या बारशाला आले होते ते? त्यांची ही गाडी. तीर्थयात्रेच्या लोकांना घेऊन ते तिरुपती, तुळजापूर, श्रीशैलम अशा फेऱ्या मारायचे. आता गुडघे गेले म्हणून धंदा बंद केला. दाजी म्हणाले, "भामा, या गाडीनं आपल्या अख्ख्या खानदानापेक्षा जास्त देव बघितलेत." श्रुती म्हणाली, "आई, सीरियसली? एवढी रन झालेली गाडी? आधी चेक तरी करायची ना!" तुझ्या भाचीला मराठी बोलता येतं, पण वाचायला दिलं की ती जोडाक्षरापाशी थांबते आणि वैतागून फोन काढते. त्यामुळे टेबलावर हे पत्र उघडं ठेवून मी निर्धास्तपणे चहा करून आले.

तिचं चुकलं नव्हतं. गाडी आधी दाखवायची, मग घ्यायची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हिम्मतरावांकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन बसलं होतं आणि मला घाई होती. मी बॉनेट उघडायलाही सांगितलं नाही. मागचं दार सरकवून पाहिलं, ते किती रुंद उघडतं ते पाहिलं, पायरी किती उंच आहे ते पाहिलं. मागच्या सीटा आडव्या पाडायला लावल्या आणि वितीनं लांबी मोजली. हिम्मतराव बिचारे बघत राहिले. त्यांना वाटलं असेल, बाई गादीचं दुकान काढते आहे. मी म्हटलं, घेतली. दाजी काही बोलले नाहीत. तसं ते मला चारचौघांत कधीच काही बोलत नाहीत, घरी आल्यावर मात्र सव्याज वसूल करतात.

मग दुसऱ्या दिवशी आम्ही ती हब्सिगुड्याच्या गौसभाईंच्या गॅरेजला नेली. गौसभाई म्हणजे पांढरी दाढी, तोंडात पान, आणि जीभ अशी की दिवसभर पट्टा चालू. जुन्या गाडीचं काम हेच करायचे, म्हणून ओळख. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "अम्मा, लोगां गाडी दिखाके लेते. तुमे लेके दिखारे." मी म्हटलं, लग्न झाल्यावरच नवरा कळतो गौसभाई, तसं समजा. त्यावर ते इतके हसले की पान सांभाळताना त्रेधा उडाली. दाजी हसले नाहीत.

तू मोटारींचा माणूस, म्हणून तुला सगळं सांगते. आधी त्यांनी थंड इंजिन चालू करून नुसतं ऐकलं. मग ऑइलची काडी काढून बोटावर घासून पाहिली. कसलासा स्कॅनर जोडून त्याच्या पडद्यावर बघत बसले. टायरवर छापलेलं बनावटीचं साल तपासलं. एक टायर इतर तिन्हींपेक्षा बराच जुना निघाला. इंजिनबद्दल म्हणाले, "इसको कुछ नक्को बोलो. मस्त है." माझा जीव भांड्यात पडला. मग गाडी वर उचलली, आणि खालून बघताना त्यांची बडबड थांबली. मागचे शॉक गळत होते, बुश संपले होते, ते काही विशेष नाही, एवढं चालल्यावर होणारच. पण त्यांनी गाडी खाली घेऊन आतलं कार्पेट उचललं, आणि पत्र्यावर सगळीकडे गंजाची एक सरळ रेघ होती. नदीच्या घाटावर पुराची खूण असते तशी. सीटखालच्या वायरी हिरव्या पडल्या होत्या. "पानी में खडी थी ये गाडी," ते म्हणाले. "शहर में घुमाव, कुछ नई होता. हायवे पे नक्को. कां बंद पडेगी, बोल नई सकते."

मी गॅरेजच्या खुर्चीवर बसून राहिले. तुला सांगते, गाडीत फसलो याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. पण 'कुठे बंद पडेल सांगता येत नाही' हे वाक्य डोक्यात बसलं. भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, दोन्ही बाजूंना तुरीची रानं, आणि आत... जाऊ दे. पुढे येतंच आहे.

त्या खुर्चीवर बसले असताना मला आपल्या आईची ती जीप आठवली. माझं लग्न झाल्यावर तारनाक्याच्या क्वार्टरमध्ये माझा संसार मांडून द्यायला आई आली होती. तू तेव्हा शाळेत होतास, परीक्षा होती म्हणून तुला काकांकडे ठेवलं होतं, आणि तू रडून गाव गोळा केलं होतंस. अडत दुकानाची कुणाची तरी जीप हैदराबादला येणार होती, तिच्यात पोती, पोत्यांवर माझी भांडी, आणि पुढे ड्रायव्हरच्या शेजारी आई. बिदरच्या पुढे जीप बंद पडली. ड्रायव्हर बॉनेट उघडून डोकं खाजवत उभा. आईनं खाली उतरून आधी त्याला विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस का? त्याला धपाटं आणि लोणचं दिलं. तो खाऊन होईपर्यंत त्याला गाडीला हात लावू दिला नाही. म्हणाली, उपाशी माणसाच्या हातून खिळासुद्धा नीट बसत नाही. संध्याकाळी जीप आमच्या दारात आली तेव्हा आईचं लुगडं धुळीनं लाल झालं होतं, आणि ती मला पहिलं काय म्हणाली असेल? "काय वारं लागतं गं पुढं बसलं की!" आयुष्यात पहिल्यांदा ती गाडीत पुढे बसली होती. त्या रात्री तिनं मला संसाराचा एकही उपदेश केला नाही, नुसती त्या वाऱ्याबद्दल बोलत होती.

तर, गौसभाईंनी गाडी अंगणात लावून ठेवली आणि आम्ही दोघं मेट्रोनं दिलसुखनगरला हिम्मतरावांकडे गेलो. वाटेत दाजींचे कान लाल झाले होते. मी मनात म्हटलं, आज चाळीस वर्षांची ओळख संपणार. हिम्मतरावांनी मात्र आमचं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, आमच्या गल्लीत पाणी आलं होतं, खरं आहे. दाराच्या पट्टीच्या वर चढलं होतं. पण मी लपवलेलं नाही. एकनाथरावांना फोनवर सांगितलं होतं, की गाडीनं पाणी बघितलंय." मी दाजींकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "मला वाटलं, गंगा-गोदावरी करून आलीय असं म्हणताय." हर्षा, हिम्मतरावांच्या बायकोनं पदरात तोंड लपवलं. मलाही आवरेना. शेवटी दाजी स्वतःच हसायला लागले, तेव्हा कुठे त्या घरातली हवा मोकळी झाली.

हिम्मतराव म्हणाले, गाडी परत आणा, व्यवहार मोडला समजू, मनात काही ठेवणार नाही. दाजींचं मत परत देण्याचंच होतं. एरवी मीही तेच म्हटलं असतं. पण तसं दार, तशी सपाट होणारी सीट आणि तेवढी कमी उंचीची पायरी असलेली दुसरी गाडी शोधायला किती दिवस गेले असते कोण जाणे. शिवाय ती दुसरी तरी काय सांगून येणार होती? हिच्यात काय बिघडलंय ते निदान आता कळलं होतं. तिथूनच मी गौसभाईंना फोन लावला. विचारलं, एकच सांगा, ही गाडी हायवेला जाईल अशी करता येते की येत नाही? ते म्हणाले, येते, पण सगळ्या सीटा काढून वायरिंग उघडावं लागेल, वेळ लागेल, आणि नंतर लांबची एक फेरी मारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. मी म्हटलं, करा. दाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि हिम्मतरावांना म्हणाले, "राहू द्या. तिनं ठरवलंय."

काम चालू असताना मी रोज गॅरेजला जाऊन बसायचे. माझं तिथे काय काम होतं असं नाही, पण घरात बसवत नव्हतं. गाडीची हाडं उघडी पडली होती. दोऱ्याच्या गुंड्यासारख्या वायरी बाहेर काढून एकेक जोड घासून साफ केला, सडलेल्या बदलल्या. पत्रा खरवडून रंगवला. मागचे शॉक नवे, बुश नवे, ब्रेक नवे, तो म्हातारा टायर गेला. सगळं परत बसवल्यावर गौसभाई म्हणाले, चला, बघू कशी पळते. ते चालवायला बसले, दाजी पुढे, आणि मी मागची सीट आडवी पाडून तिच्यावर सरळ झोपले.

गौसभाईंनी आरशात पाहिलं आणि ब्रेकच लावला. "अम्मा, तबियत खराब है क्या?" दाजी म्हणाले, "नक्को पूछो. चलाव." मग आम्ही उप्पलपर्यंत गेलो. झोपून गेलं की आपलंच शहर ओळखू येत नाही रे. मेट्रोचे खांब नुसते वरच्या वर सरकतात, होर्डिंगवरच्या माणसांची डोकी दिसतात, वायरी, एखादी घार. खाली काय चाललंय ते कळत नाही, पण कंबरेला सगळं कळतं. मी डाव्या कुशीवर वळून पाहिलं, उजव्या कुशीवर पाहिलं, खुब्याखाली हात घालून पाहिला. गौसभाई मला बिचकून स्पीडब्रेकरवरून गाडी फुलासारखी नेत होते. मी ओरडले, अशी नक्को, नेहमीसारखी न्या! मग त्यांनी एक चांगला दणका दिला. दुखलं, पण सोसण्यासारखं होतं. खाली जाड गादी आणि दोन्ही बाजूंना लोड घातले तर अंग हलणार नाही, हे तिथे झोपल्या-झोपल्या ठरवलं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर गौसभाईंनी मागच्या दाराच्या आत, बरोबर झोपलेल्या माणसाच्या हाताशी, धरायला एक दांडा बसवला होता.

आणि काल आम्ही ती लांबची फेरी करून आलो. जहिराबादपर्यंत. गौसभाईंनी मुद्दाम दुपारचं ऊन निवडलं, एसी चालू ठेवायला लावला, आणि स्वतः बरोबर आले. जाताना मी मागे झोपून गेले, येताना बसून आले. गाडी कुठेही अडखळली नाही, तापली नाही, आणि मी जाताना चक्क अर्धा तास झोपले. जहिराबादला रस्त्याच्या कडेला थांबून चहा प्यायलो. बॉनेट उघडून गौसभाईंनी सगळीकडे हात लावून पाहिला आणि म्हणाले, "ले जाव अम्मा. जां जाना है जाव." त्या चहाच्या टपरीसमोर बिदरची पाटी होती. दाजींच्या लक्षात आलं मी कुठे बघते आहे ते. ते हळूच म्हणाले, "इथून पुढे निघालो तर दिवेलागणीच्या आत उदगीरला पोचू. पण गौसभाईला त्याच्या बायकोनं संध्याकाळी बोलावलंय." म्हणून परत फिरलो.

आता तुला कळलंच असेल. कळायला तू काही लहान नाहीस. मी आईला न्यायला येते आहे.

लगेच नाही म्हणू नकोस, आधी ऐक. रेल्वेत तिला बसवता येत नाही, बसचं तर नावच नको. आणि अँब्युलन्सचं तुलाच जास्त माहीत आहे. खुब्याचं हाड मोडल्यावर लातूरहून तिला आणलं, तेव्हा तू तिच्याजवळ बसला होतास. बंद काचा, तो औषधांचा वास, तो सायरन. घरी पोचल्यावर तिनं तुला सांगितलं होतं, पुन्हा असल्या गाडीत मला मेल्यावरच घाला. म्हणून मला खिडकी असलेली गाडी हवी होती. साधी, घरची. आणि नेऊन सोडण्यापुरती नको होती, दर महिन्याला दवाखान्यात न्यायला, आणि तिला उदगीरची आठवण आली की उचलून तुझ्या दारात आणायला. म्हणून विकत घेतली. गादी आहे, लोड आहेत. वाटेत बिदरला थांबू. तिला थोडं बरं वाटलं आणि बसावंसं वाटलं, तर पुढची सीटही मागे पाडता येते. मी पाहून ठेवलंय.

घरी समोरची खोली रिकामी केली आहे, रस्त्याकडच्या खिडकीची. दाजींनी स्वतः पलंग हलवला आणि दोन दिवस कंबर धरून बसले. भाजीवाली तेलुगूत ओरडत जाते, रद्दीवाला उर्दूत, समोरची बाई सकाळी सगळ्यांशी भांडते. आईला करमेल. तिचं उर्दू अजून माझ्यापेक्षा बरं आहे, ती त्या रद्दीवाल्याला आठवड्यात सरळ करेल. दिवसा हाताखाली एक बाई येणार आहे, तिच्याशी बोलून ठेवलंय.

लोक बोलतील हे मला माहीत आहे. मुलगा धडधाकट असताना म्हातारी लेकीच्या दारात गेली म्हणतील. आबासाहेब काका तर पारावर बसून बोलतील. बोलू दे. पाच वर्षं तिला अंघोळ घालणारा, तिचा प्रत्येक घास मऊ करून भरवणारा तू आणि राणी. तेव्हा यातलं कोणी टॉवेल धरायला आलं नव्हतं. आईचंही मी पाहते. मागे आले होते तेव्हा ती म्हणाली, लेकीच्या घरी किती दिवस राहायचं गं? मी म्हटलं, माझा संसार तूच मांडून दिलास, मग घर कुणाचं? त्यावर तिनं माझा हात धरून ठेवला.

पण हर्षा, हे सगळं मी तुला फोनवर सांगू शकले असते. तू चिडला असतास, दोन दिवस बोलला नसतास, मग ऐकलं असतंस. पत्र लिहिलं ते यासाठी नाही. गेल्या महिन्यात माझ्या चष्म्याची काडी मोडली म्हणून मी कोठीला गेले होते. दुकानातून बाहेर आले आणि समोरच्या फुटपाथवर तू दिसलास. हृदयाच्या डॉक्टरांची पाटी असलेल्या इमारतीतून तू बाहेर आलास, काखेत मोठं पाकीट, अंगात तो निळा चौकड्यांचा शर्ट. माझ्या गावात, मला न सांगता. आणि तू त्या इमारतीच्या पायरीवर खाली बसलास. तू रस्त्यात कुठे बसणारा माणूस नाहीस रे. डावा हात चोळत किती तरी वेळ बसलास. मधे बसगाड्या होत्या, रिक्षा होत्या, पण मी हाक मारली असती तर तुला ऐकू गेली असती. मी मारली नाही, कारण त्या पायरीवर मला तुझ्याकडून 'मजेत' ऐकायचं नव्हतं. तू उठलास, तोंडावरून रुमाल फिरवलास, रिक्षावाल्याशी हसून घासाघीस केलीस आणि गेलास. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा म्हणालास, माल आणायला लातूरला गेलो होतो. मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू दुकानात असताना राणीला फोन केला आणि सरळ विचारलं. तिच्यावर रागावू नकोस. ती आधी नुसती रडली, मग तिनं सांगितलं. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन लवकर करा, आणि तू म्हणतोस, आईचं होऊ दे, मग बघू. आईचं काय होऊ दे, हर्षा? तुला तसं म्हणायचं नाही, हे मला कळतं. पण तू तुझं जगणं तिच्या जाण्याला बांधून ठेवलं आहेस, आणि हे तिला कळलं तर ती त्या क्षणापासून अन्नपाणी सोडेल. तिला मी काही सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी दिलसुखनगरला जाऊन गाडी घेतली. मी आईला न्यायला येत नाही आहे रे, तुला मोकळं करायला येते आहे. ऑपरेशनची तारीख घे, इथलीच घे. आईसाठी समोरची खोली आहे, तुला आणि राणीला मागची. शनिवारी सकाळी निघतो. दाजी चालवतील, श्रुती सोबत आहे, आणि गौसभाईंनी त्यांचा नंबर डॅशबोर्डवर चिकटवून दिला आहे. रागवायचं असेल तर आम्ही आल्यावर समोर रागाव, मी ऐकून घेईन. फक्त एक कर. त्या दिवशी आईला पलंगावरून उचलायला तू पुढे येऊ नकोस. आम्ही तिघं उचलू. तू नुसता दारात उभा राहा आणि गाडीचं दार सरकवून धर.

तुझीच,
भामाक्का